ठोकळा उभा का राहात नाही?

चकलीचा सोऱ्या तुम्ही पाहिलेला आहेच. पितळी नळीत पीठ भरायचे, तळाशी चांदणीच्या आकाराचे भोक असलेली चकती बसवायची आणि वरून दाबायचे. पिठाचा छेद कसा असेल हे चकती ठरवते. चकली किती लांब हे दाबणारा हात ठरवतो. खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या याच तत्त्वावर तयार होतात. कारखान्यात त्याला एक्स्ट्रूजन म्हणतात. संगणकावर आरेखन करण्याच्या, म्हणजे कॅडच्या, प्रणालीतील 'एक्स्ट्रूड' ही आज्ञा हेच काम करते. सपाट आकृतीला ती सरळ दिशेने ओढते आणि घनाकृती बनवते.

२०१६ नंतर अटल टिंकरिंग प्रयोगशाळांमुळे अनेक शाळांत थ्री-डी प्रिंटर आले आणि ही आज्ञा तुमच्या वयाच्या मुलांच्या हाती आली. तिच्याबरोबर एक डोकेदुखीही आली. आकृती पडद्यावर सुबक दिसते, पण आज्ञा देताच संगणक नकार देतो, किंवा भरीव ठोकळ्याऐवजी जाडी नसलेली पोकळ भिंत उभी करतो. मग विद्यार्थी काय करतो? सगळे पुसून पुन्हा काढतो, नाहीतर 'आपोआप दुरुस्ती'चे बटण दाबतो. या दोन्ही सवयी शिक्षकांनी वेळीच मोडाव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. संगणकाचा नकार हा बहुतेक वेळा भूमितीचा प्रश्न असतो, आणि तो सोडवण्याची सामग्री तुमच्या दप्तरात आहे.

वैतरणा स्थानकात उभे राहून रुळाकडे पाहा (फलाटावरूनच बरे!). रूळ लाटून घडवतात, दाबून नव्हे. पण त्याचा छेद सर्वत्र सारखाच असतो. आज मुख्य मार्गांवर वापरतात त्या जड रुळाचे वजन दर मीटरला सुमारे ६० किलो असते. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.८५ ग्रॅम. भागाकार करा, छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ७६ चौरस सेंटिमीटर येते. आता या छेदाच्या आकृतीत कोपऱ्यात केसाएवढी फट ठेवली तर क्षेत्रफळ किती? उत्तरच नाही, कारण आत कोणते आणि बाहेर कोणते हेच ठरत नाही. क्षेत्रफळ नाही म्हणून घनफळ नाही, आणि घनफळ नाही म्हणून वजन नाही. संगणकाचा नकार रास्तच आहे.

स्वतःला न छेदणारी बंद रेषा प्रतलाचे आत आणि बाहेर असे दोन भाग करते. यात सिद्ध काय करायचे, असे वाटेल. पण कामिय जॉर्दां या फ्रेंच गणितज्ञाने १८८७ मध्ये याची सिद्धता मांडली तेव्हा ती बरीच लांबली होती. आत-बाहेर ओळखायची एक सोपी रीत आहे. बिंदूपासून एका दिशेला दूरवर किरण काढा आणि तो सीमारेषा किती वेळा ओलांडतो ते मोजा. विषम असेल तर बिंदू आत, सम असेल तर बाहेर. तारापूरच्या २००५ व २००६ साली सुरू झालेल्या ५४० मेगावॅटच्या अणुभट्ट्यांत प्रत्येकी ३९२ दाबनलिका आहेत. अशा नळीच्या छेदावर, म्हणजे दोन समकेंद्री वर्तुळांवर, ही रीत वापरून पाहा. भिंतीतल्या बिंदूचा किरण सीमा एकदा किंवा तीनदा ओलांडतो, पोकळीतल्या बिंदूचा दोनदा.

या एका रीतीने बहुतेक बिघाड समजतात. चुकून एकावर एक दोन रेषा काढल्या, तर किरण तेथे दोनदा मोजला जातो आणि आतले बाहेर होते. रेषा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी स्वतःला ओलांडत असेल तर ती स्वतःला न छेदणारी राहत नाही, म्हणून तेथेही अडचण येते. दोन चौरस फक्त एका कोपऱ्यावर टेकले असतील, तर ओढल्यावर त्यांना जोडणाऱ्या धारेची जाडी शून्य येते. असा तुकडा कोणत्याही यंत्रावर बनणार नाही. फटीचे मात्र वेगळे आहे. एक टोक ४०.००० वर आणि दुसरे ३९.९९७ वर असेल तर ती फट डोळ्यांना दिसत नाही. तेथे टोकांचे सहनिर्देशकच वाचायला हवेत.

आणि आकृतीत ३२ रेषा असतील तर? दिवाळीच्या माळेतला तुटका सांधा आपण अर्धी अर्धी माळ तपासून शोधतो, तसेच करा. सलग १६ रेषा घ्या, त्यांची दोन मोकळी टोके तात्पुरत्या रेषेने जोडा (ती इतर रेषांना छेदणार नाही हे पाहून) आणि ओढून बघा. ठोकळा उभा राहिला तर दोष उरलेल्या भागात. दोष एकच असेल तर अशा पाच खेपांत तो सापडतो. फ्रीकॅडसारख्या मोफत प्रणालीत न जुळलेली टोके शोधून दाखवणारे साधन आहे. ते वापरायला हरकत नाही, कारण ते दोष दाखवते.

न विचारता दोष बुजवणाऱ्या बटणाला माझी हरकत आहे. तीन सहस्रांश मिलिमीटरची फट बुजवली तर बिघडत नाही. पण दोन मिलिमीटरची फट म्हणजे कदाचित तुम्ही विसरलेली खाचेची रेषा असेल. यंत्राला तुमचा हेतू ठाऊक नाही. ते सरळ रेषा ओढून मोकळे होते. शाळेत त्यामुळे थोडे प्लॅस्टिक वाया जाईल. पण वैतरणा, सफाळे, केळवे रोडहून गाडी पकडून उद्या बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या मुलाच्या नकाशावरून पोलादाचा साचा कापला जाणार आहे, आणि कापलेले पोलाद परत चिकटत नाही.

आपल्याकडे इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला भूमितीही असते. त्या तासांना शिक्षकांनी मुद्दाम बिघडवलेल्या पाच आकृत्या फळ्यावर काढाव्यात आणि गुण दोष शोधण्याला द्यावेत, नव्या आकृतीला नव्हे. सुरुवातीला देवनागरी ४ हा आकडा द्या. पेन न उचलता काढलेल्या या आकड्याला जाडी देऊन ठोकळा करायचा आहे. अडचणी किती आणि कोठे, हे संगणक सुरू करण्यापूर्वी वहीत लिहा.