हातपाय हलतात ना? मग झालं!

जन्मल्यावर बाळ लगेच रडलं नाही, निळं पडलं. "पण आता हातपाय हलतात ना? मग झालं!" हे ऐकलं की डोकंच फिरतं माझं. मेंदू म्हणजे काय फक्त हातपाय हलवायचं यंत्र आहे?

मेंदूच्या बुंध्यातल्या मूठभर पेशी सेरोटोनिन बनवतात. झोप, भूक, मूड सगळ्यात त्याचा हात. २०१० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात उंदरांच्या ३ दिवसांच्या पिल्लांच्या मेंदूचं रक्त आणि प्राणवायू कमी केला, तर ह्याच पेशी घटल्या. नंतर मेंदूतला दाह रोखणारं मिनोसायक्लिन दिलं, तर ही घट टळली.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य. पण म्हणून बघायचंच नाही? पोर चालायला लागलं की तपासण्या थांबवू नका. शाळेत जाईपर्यंत झोप, मूडही विचारा. आणि तोवर त्याला 'हट्टी' अन् आईला 'लाडावणारी' म्हणणं बंद करा राव!