‘इतर’ म्हणजे कोण?

सुप्रसिद्ध बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांचे २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातील कॅलाबासस येथे हेलिकॉप्टर अपघातात निधन झाले. लेकर्स या एकाच संघाकडून २० वर्षे खेळून ५ विजेतेपदे मिळविणाऱ्या आणि २००६ मध्ये एका सामन्यात ८१ गुण नोंदविणाऱ्या या खेळाडूसाठी जगाने हळहळावे, हे स्वाभाविकच होते. मात्र त्या अपघातात ९ जणांचा अंत झाला होता. ब्रायंट व त्यांची १३ वर्षांची कन्या जियाना यांच्यानंतर अनेक मथळ्यांत उरले ते केवळ ‘इतर ७ जण’.

हे इतर कोण होते? जियानाच्या संघातील दोन मुली, त्यांचे पालक, एक सहप्रशिक्षिका आणि वैमानिक. रविवारी सकाळी मुलींना सामन्याला नेणारा तो साधा, कौटुंबिक प्रवास होता. आपल्याकडेही असंख्य आईवडील असेच मैदानाकडे निघतात.

प्रसिद्धी हे बातमीचे माप असेल, दुःखाचे नव्हे. बँकेच्या खतावणीत अगदी लहान ठेवीदाराचेही खाते स्वतंत्र असते. ते ‘इतर’ या सदरात लोटले जात नाही. थोरांच्या बातमीतील शेवटच्या ओळीतली माणसे कोणाची कोण होती, हे जाणून घेण्याइतकी आस्था वाचक म्हणून आपणही बाळगावी, असे मला वाटते.