आधी पंचनामा, मग फॉरमॅट

रामटेकात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात जा. मशीन रेंगाळते म्हणा, कर्सर आपोआप पळते म्हणा, औषध एकच: "फॉरमॅट मारून देतो, भाऊ." धान्याच्या व्यापाऱ्याला हे औषध चालतं. चळवळीतल्या पोराला चालत नाही.

"काऊन बे, आपल्याजवळ लपवण्यासारखं आहेच काय?" असं काही शहाणे विचारतात. मित्रांनो, तुमच्याजवळ काय आहे हा प्रश्नच नाही. तुमच्याजवळ काय आणून ठेवलं जाईल, हा प्रश्न आहे.

नागपूर इथून एका एसटीच्या अंतरावर. तिथले वकील सुरेंद्र गडलिंग, दलित-आदिवासींच्या केसेस फुकट लढणारे. भीमा कोरेगाव प्रकरणात 17 एप्रिल 2018 ला त्यांच्या घरावर धाड पडली, 6 जूनला अटक झाली. जुलै 2021 मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन तपास संस्थेनं त्यांच्या हार्ड डिस्कच्या प्रतीवर अहवाल दिला. वीस महिन्यांहून जास्त काळ नेटवायर नावाचं स्पायवेअर आत ठाण मांडून होतं. त्याच वाटेनं 14 पत्रं लपवलेल्या फोल्डरात टाकली गेली.

रोना विल्सनची कथा तीच. 13 जून 2016 ला ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून ईमेल आला. फाइल उघडली. समोर कागद दिसला, मागच्या दारानं चोर शिरला. पुढं जी पत्रं 'सापडली', त्यांतली काही वर्डच्या नव्या आवृत्तीत तयार झालेली. विल्सनच्या मशीनवर होती 2007 ची. म्हणजे ज्यानं पत्र लिहिलं म्हणता त्याच्या घरात ती लेखणीच नव्हती! आणि नेटवायर ही काही मोसादची करामत नव्हे. पैसे टाकून कुणालाही मिळत होतं. विकणारी वेबसाइट मार्च 2023 मध्ये जप्त झाली. यक्षानं याच रामगिरीवरून ढगाजवळ निरोप दिला म्हणतात. तो ढग निदान निरोप फोडून वाचत नव्हता.

पण खरी गोम फादर स्टॅन स्वामींच्या कॉम्प्युटरात आहे. डिसेंबर 2022 च्या अहवालाप्रमाणे तिथं 44 दस्तऐवज पेरले होते. 11 जून 2019 च्या संध्याकाळी घुसखोरानं आपल्या खुणा पुसायला घेतल्या. 12 जूनला पुणे पोलिसांनी कॉम्प्युटर जप्त केला. उद्या जप्ती आहे हे त्याला कुणी सांगितलं? स्वामी 5 जुलै 2021 ला कैदेतच वारले. अहवाल वाचायला ते नव्हते.

ध्यानात आलं? स्पायवेअर काढायची घाई चोराला असते. तुम्ही भीतीनं फॉरमॅट मारता तेव्हा त्याचं काम फुकटात करून देता. एनआयएनं हे अहवाल मानले नाहीत, तो भाग वेगळा. विल्सन आणि 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे यांना जानेवारी 2025 मध्ये जामीन मिळाला. साडेसहा वर्षांनी. तोवर आरोपही निश्चित झाले नव्हते. पण चोराच्या खुणा जगाला दिसल्या त्या डिस्कची प्रत शाबूत होती म्हणून.

तेव्हा शंका आली की आधी नेट तोडा. अँटिव्हायरसचं डिलीट दाबू नका. जाणत्या माणसाकडून अख्ख्या डिस्कची बिट-न्-बिट प्रत काढा. नुसत्या फाइली कॉपी करणं म्हणजे प्रत नव्हे. पुसलेलं त्यात येत नाही. त्या प्रतीचा हॅश, म्हणजे तिच्या अंगठ्याचा ठसा, लिहून ठेवा. एक अक्षर बदललं तरी तो सगळा बदलतो. एक प्रत वकिलाकडे, दुसरी दुसऱ्या गावात. मग मारा फॉरमॅट, खुशाल. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. आणि ज्याच्या नावानं मेल आला त्याला फोन करा. त्याचंही घर फुटलेलं असेल.

1 जुलै 2024 पासून कायदाही बदलला आहे. झडती-जप्तीचं चित्रण करायला नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 105 सांगतं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅश लागतो, साक्ष्य अधिनियमाचं कलम 63. दारात उभ्या साहेबाला हे तोंडपाठ म्हणून दाखवा. हॅश देत नसेल तर पंचनाम्यावर तसं लिहून मगच सही करा.

रिकामी हार्ड डिस्क महाग पडते म्हणता? यंदा जयंतीला डीजे एक तास लवकर बंद करा. त्या पैशात येते ती विहाराच्या वाचनालयात ठेवा, कपाटाला कुलूप लावा, किल्ली दोघींकडे द्या.