परवाना भिंतीवर, पण आजचं रीडिंग कुठाय?

उन्हाळी सुट्टीच्या पोहण्याच्या बॅचेस फुल्ल आहेत. आपण चौकशी काय करतो? फी किती, वेळ कुठली, कोच कसा, जीवरक्षक आहे का. पाणी शेवटचं कधी तपासलं, हे कुणी विचारत नाही. ऑफिसात परवान्याची फ्रेम दिसली की आपलं समाधान!

परवाना एकदा मिळतो, पाणी मात्र तासातासाला बदलतं. सकाळी टाकलेला क्लोरीन उन्हाने उडतो, घाम-लघवीत खर्च होतो. मोकळा क्लोरीन लिटरला किमान 1 मिलिग्रॅम आणि पीएच 7.2 ते 7.8 हवा. पीएच 8 झाला की क्लोरीनची जंतू मारण्याची ताकद जेमतेम पाव उरते. मग पावडर कितीही ओता. आणि उग्र वास म्हणजे स्वच्छ पाणी, हा गैरसमज आहे. घाम-लघवी आणि क्लोरीन मिळून क्लोरामाइन तयार होतं, वास त्याचा. डोळे लाल होतात तेही त्यानेच.

प्रश्न फक्त डोळे चुरचुरण्याचा नाही. घाणेरड्या पाण्यातून जुलाब होतात, कान फुटतात. 2024 मध्ये केरळात अमीबिक मेंदूज्वराने मुलं दगावली. हा अमीबा कोमट गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे मेंदूत शिरतो. नदी-तळ्यांचा धोका मोठा, हे खरं. पण क्लोरीन नसलेला टँक म्हणजे टाइल्स लावलेलं तळंच की!

महापालिका म्हणेल, तपासायला माणसं नाहीत. ठीक आहे. किटमध्ये पाणी घेऊन रंग जुळवायला दोन मिनिटं लागतात, ते तलाववाल्यानेच करायचं. दाराशी फळा लावा: वेळ, क्लोरीन, पीएच, सही. दिवसातून तीनदा. पाण्याच्या दर्जासाठी आयएस 3328 हे भारतीय मानक आहेच, परवान्याच्या अटीत ते घाला. निरीक्षकाने न कळवता, मे महिन्यातल्या गर्दीच्या वेळी यावं. रीडिंग चुकलं तर दुरुस्त होईपर्यंत तलाव बंद.

आपलीही जबाबदारी आहे. आधी शॉवर घ्या. जुलाब झालेलं मूल पाण्यात उतरवू नका, क्रिप्टोस्पोरिडियमसारखा जंतू क्लोरीनमध्येही काही दिवस तग धरतो.

उद्या पोरांना सोडायला जाल तेव्हा काउंटरवर एवढंच विचारा, "आजचं रीडिंग किती?" दहा पालकांनी विचारलं ना, की फळा आपोआप लागेल.