गाठ दिसली, लसिकाग्रंथी पाहिल्या का?

थायरॉइडच्या गाठीत कर्करोग निघाला, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘ऑपरेशन कधी?’ त्याआधी विचारायला हवा असा प्रश्न वेगळाच आहे : मानेतील लसिकाग्रंथींची सोनोग्राफी झाली का?

थायरॉइडचा सर्वाधिक आढळणारा कर्करोग ‘पॅपिलरी’ प्रकारचा. तो सहसा संथपणे वाढतो, पण मानेतील लसिकाग्रंथींत अनेकदा लवकर शिरतो. शस्त्रक्रिया किती मोठी करायची, हे त्यावर बरेचसे अवलंबून असते. म्हणूनच अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत शस्त्रक्रियेपूर्वी या लसिकाग्रंथींची सोनोग्राफी करण्याची शिफारस आहे.

निरोगी लसिकाग्रंथी सोनोग्राफीत चपटी, लांबट दिसते. ती गोल झाली असेल, आत कॅल्शियमचे बारीक कण किंवा द्रवाची पोकळी दिसत असेल, तर संशय बळावतो. मग सुईने पेशी काढून खात्री करता येते. मानेच्या बाजूच्या लसिकाग्रंथी अशा बऱ्यापैकी सापडतात. अडचण आहे ती श्वासनलिकेलगतच्या मधल्या भागाची. तिथे थायरॉइड आणि श्वासनलिकेतली हवा आड येते. त्यामुळे मूळ गाठीवरून अंदाज बांधावा लागतो : गाठ मोठी आहे का, थायरॉइडच्या आवरणाला भिडली आहे का, तिच्यात कॅल्शियमचे कण आहेत का?

हा अंदाज उपयोगी आहे. पण अंदाज म्हणजे निदान नव्हे. केवळ शक्यतेवर मधल्या लसिकाग्रंथी सरसकट काढल्या, तर लगतच्या पॅराथायरॉइड ग्रंथींना आणि आवाजाच्या नसेला इजा होऊ शकते. काहींच्या मागे कॅल्शियमच्या गोळ्या कायमच्या लागतात. उलट, बाजूची रोगट लसिकाग्रंथी नजरेतून सुटली, तर मानेवर पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

याचा अर्थ धडधाकट माणसांनीही गळ्याची सोनोग्राफी करून घ्यावी, असा नाही. दक्षिण कोरियात अशा तपासण्या सरसकट होऊ लागल्यावर २०११मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३च्या १५ पट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळपास तेवढेच राहिले. तपासणी हवी ती गरज असलेल्याची, आणि ती पूर्ण हवी.

त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीच्या रिपोर्टमध्ये ‘थायरॉइडमध्ये गाठ’ एवढे लिहून भागणार नाही. मानेच्या दोन्ही बाजूंच्या लसिकाग्रंथी कशा दिसल्या, मधला भाग कितपत दिसला, हे त्यात स्पष्ट असायला हवे. नसेल, तर रुग्णाने विचारण्यात संकोच करू नये. ‘दोष दिसला नाही’ आणि ‘पाहिलेच नाही’ यांत एका ऑपरेशनचे अंतर असू शकते.