आदर्श शिक्षक कोणाला म्हणायचे?



५ सप्टेंबरच्या सुमारास आदर्श शिक्षक पुरस्कारांची चर्चा सुरू होते. साताऱ्यात होते, सांगलीतही होते. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, टाळ्या. आपण पेपरातला फोटो पाहतो आणि पान उलटतो. गुरुजींचा सत्कार, आपला काय संबंध? संबंध आहे. आपली मुले त्याच सरकारी शाळांत शिकतात.

राज्य सरकारच्या शिक्षक पुरस्काराला आज क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. सावित्रीमाई आपल्या सातारा जिल्ह्याच्या लेक. खंडाळा तालुक्यातील नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी त्यांचा जन्म झाला. १८४८ साली त्या पुण्यात मुलींना शिकवायला उभ्या राहिल्या. ज्यांना शाळेची पायरी बंद होती, त्यांनाच त्यांनी आधी आत घेतले. मग त्यांच्या नावाचा मान देताना पहिला प्रश्न हाच हवा, की या गुरुजींनी, या बाईंनी कोणाला आत घेतले?

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत बाल भीमरावांचे नाव दाखल झाले. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पण नाव दाखल झाले तरी बसायला जागा मिळाली कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर. पाणी प्यायचे तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसला तर तहानलेले राहायचे. बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवले आहे. हजेरीपटावर नाव असणे वेगळे आणि वर्गात बरोबरीने बसणे वेगळे.

ही बरोबरी याच मातीत कर्मवीर भाऊराव पाटलांनी करून दाखवली. १९१९ साली त्यांनी कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची मुले तिथे एका पंगतीला जेवली. त्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. सरकारने पद्मभूषण दिले ते १९५९ साली, म्हणजे काम सुरू झाल्यावर चाळीस वर्षांनी. तोवर शाबासकीची वाट पाहत कोणी थांबले नव्हते.

आज सावित्रीमाईंचा वारसा कोण चालवते? सांगली-साताऱ्यात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. त्या कोपीतले मूल शोधून त्याच्या वयाच्या वर्गात बसवणारे गुरुजी. जत, आटपाडी, माण भागात आई-बाप कामासाठी बाहेर पडले, तेव्हा आजीजवळ राहिलेल्या मुलीची शाळा सुटू न देणाऱ्या बाई. पोषण आहाराच्या पंगतीत कोणाचे ताट बाजूला पडू न देणारे मुख्याध्यापक.

अडचण अशी की पुरस्कारासाठी प्रस्ताव भरावा लागतो. फोटो, दाखले, कात्रणे जोडावी लागतात. शाळेला रंग दिला तर फोटो निघतो. मुलीचे लवकर ठरलेले लग्न थांबवले तर त्याचा फोटो कसा काढणार? असे काम करणारा शिक्षक बहुधा फाइलही करत नाही. मग फाइल जाड असलेला पुढे जातो आणि काम करणारा मागे राहतो.

इथे आपले काम सुरू होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात निदान पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. दुर्बल घटकांतील पालकांनाही तिथे जागा ठेवली आहे. त्या खुर्चीवर नुसती सही करायला बसू नका. चांगल्या शिक्षकाचे काम बैठकीत मांडा, ठरावात लिहून घ्या. किती गळती थांबली, किती मुली सातवीच्या पुढे गेल्या, सगळे लिहा. त्या ठरावाची प्रत त्या शिक्षकाच्या हाती द्या. पुराव्याचा तो कागद आपणच देऊ शकतो.

आणि आपल्या मुलाला वर्गात मागे बसवले जात असेल, तर तेही त्याच वहीत लिहा. ज्या शाळेत असे होते, तिच्या भिंतीवर सन्मानपत्र लागता कामा नये.

येत्या बैठकीला कामावरून अर्धा दिवस सुट्टी काढा. मजुरी बुडेल, ठाऊक आहे. पण आपल्या लेकरांना आत घेणारा शिक्षक आपणच ओळखला नाही, तर सरकारने तो कसा ओळखावा?

जयभीम!