मौजे कबनूर : गाव की शहर ?

भारत सरकारचे २०११ च्या खानेसुमारीचे दप्तर उघडले, तर कोल्हापूर जिल्ह्यातील कबनूर शहरांच्या यादीत आढळते. महाराष्ट्र सरकारच्या महसुलाचे दप्तर उघडावे, तर तेच कबनूर हातकणंगले तालुक्यातील एक खेडे म्हणून 'मौजे' हे बिरुद लावून उभे असते. दोन्ही दप्तरे सरकारीच आणि दोन्ही आपापल्या परीने खरी. या दोन खऱ्यांच्या मध्ये राहणाऱ्या रहिवाशांच्या वाट्याला मात्र गर्दी शहराची आणि साधने खेड्याची, असा विपरीत हिस्सा आलेला आहे. खानेसुमारीचे अधिकारी असल्या स्थळास 'जनगणना नगर' म्हणतात. शब्द भारदस्त आहे खरा. पण त्याने एक नळ वाढत नाही की एक गटार बांधले जात नाही.

कबनूर कोठे आहे हे इचलकरंजीच्या व्यापाऱ्यास सांगावयास नको. कारण पुष्कळदा आपण इचलकरंजी सोडून कबनुरात केव्हा शिरलो हे त्यालाही कळत नाही. पंचगंगेच्या खोऱ्यातील ही काळी, कसदार जमीन. ऊस आणि विहिरीचे पाणी यांवर पोट भरणारे हे एक सुखवस्तू गाव होते. पुढे १९०४ साली इचलकरंजीस जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या आश्रयाने विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग चालविला, आणि त्या एका मागाच्या खडखडाटाने या साऱ्या पंचक्रोशीचे भवितव्य ठरून गेले. माग वाढले, शहरातली जागा संपली आणि माग वेशीबाहेर पडले. त्यांच्यामागून सायझिंग आले, वहिफणीवाले व कांडीवाल्या आल्या. कर्नाटकाच्या सीमेपलीकडून, उत्तर प्रदेश-बिहारकडून, ओरिसाकडून मजूर आले आणि त्यांना राहण्यास खोल्या लागल्या. ज्या शेतात ऊस उभा होता तेथे पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या. कबनूरने शहर होण्याचे ठरविले नव्हते. शहर त्याच्या अंगावर आले.

खानेसुमारीची कसोटी काही सैल नाही. वस्ती निदान ५,००० हवी, दर चौरस किलोमीटरास निदान ४०० माणसे हवीत आणि पोटासाठी मुख्यत्वे राबणाऱ्या पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीवाचून इतर धंद्यात हवेत. या तिन्ही कसोट्यांस गाव उतरले म्हणजे खानेसुमारीच्या लेखी ते नगर ठरते, मग तेथे नगरपालिका असो वा नसो. २००१ साली साऱ्या देशात अशी १,३६२ नगरे होती. २०११ साली ती ३,८९४ झाली. कोल्हापूर जिल्ह्याची वस्ती त्या साली ३८,७६,००१ आणि क्षेत्रफळ ७,६८५ चौरस किलोमीटर होते. या बारा तालुक्यांच्या जिल्ह्यात गगनबावड्यासारखा डोंगराळ, विरळ वस्तीचा तालुका आहे आणि हातकणंगल्यासारखा मागांनी व कारखान्यांनी गजबजलेलाही आहे. दोहोंतील खेड्यांस राज्यकारभाराचा एकच अंगरखा शिवलेला आहे. घाटमाथ्यावरील पाचशे उंबऱ्यांच्या गावास जो ग्रामपंचायतीचा कायदा, तोच कबनुरास.

तो कायदा १९५८ चा. त्याची योग्यता आम्ही कमी लेखीत नाही. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या स्थापन झाल्या आणि ग्रामीण भागात शाळा, दवाखाने, रस्ते यांची जी कामे झाली ती या व्यवस्थेचेच फळ होय. प्रश्न व्यवस्था चांगली की वाईट हा नसून ती कोणाच्या मापाची आहे हा आहे. ग्रामपंचायतीचे सदस्य कमीत कमी ७ व जास्तीत जास्त १७. गाव कितीही फुगले तरी अठरावा सदस्य नाही. एकेका सदस्याच्या माथी दोन-दोन हजार माणसे व तितक्याच तक्रारी येत असतील, तर तो बिचारा कितीही सज्जन असला तरी कोणकोणत्या बोळात जाऊन पाहणार ?

याहूनही अधिक मार्मिक गोष्ट राज्यघटनेच्या परिशिष्टांत आहे. ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ साली दोन याद्या अमलात आल्या. अकराव्या परिशिष्टात पंचायतींकडे सोपवावयाचे २९ विषय, बाराव्यात नगरपालिकांकडील १८. पंचायतींच्या यादीत लघुउद्योग आहेत, बाजार व जत्रा आहेत. पण अग्निशमन नाही. ते नगरपालिकांच्या यादीत आहे. घटनाकारांच्या मनातील खेडे वेगळे होते, त्यास कोण दोष देईल ? परंतु जेथे शेडीमागून शेड लागलेली, आत सुताची बाचकी रचलेली आणि वर विजेच्या तारांचे जाळे, तेथे आगीचा बंब हा ऐषआरामाचा विषय नव्हे. तीच गोष्ट नगररचनेची. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली नगरपालिका हे नियोजन प्राधिकरण असते. आपल्या हद्दीची विकास योजना तिला करता येते, रस्त्यांसाठी व मैदानांसाठी जागा राखून ठेवता येते. ग्रामपंचायतीस हा अधिकार नाही. म्हणून गुंठेवारीने जमिनी विकल्या जातात, ज्याला जसे सुचेल तसा तो बांधतो, आणि वीस वर्षांनी गटार काढावयाचे म्हटले म्हणजे उताराकडे कोणाची तरी भिंत उभी असते.

नगरपरिषदेसाठी १९६५ च्या कायद्यात २५,००० वस्तीची मर्यादा आहे. कबनूरने ती केव्हाच ओलांडली. याच तालुक्यातील चांदीच्या कारागिरीचे हुपरी नगरपरिषद झाले व २०१७ साली तेथे पहिली निवडणूकही झाली. खुद्द तालुक्याच्या ठाण्यास, हातकणंगल्यास, नगरपंचायत मिळाली. मग कबनूरचे घोडे कोठे अडले ?

ते पुष्कळ ठिकाणी अडले आहे आणि त्यातील काही ठिकाणे खरी आहेत हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पहिली धास्ती घरपट्टीची. नगरपरिषद आली म्हणजे पट्टी वाढणार, हे मागवाल्यास बरोबर कळते. सुताच्या भावाने व वीजबिलाने तो आधीच जेरीस आलेला आहे. ज्याची चार एकर बागायत उरली आहे त्यास वाटते की आता आपल्या उसावर आरक्षणाची रेघ पडेल. ग्रामीण घरकुल व रोजगार हमी यांचा लाभ ज्यांना होतो त्या गरिबांची भीती तर रास्तच आहे, कारण त्या योजना खेड्यांच्या नावावर आहेत. आणि ज्यांची पंचायत समितीची व जिल्हा परिषदेची जागा जाणार, त्यांचे प्रेम खेड्यावर विशेष असते. त्याविषयी येथे अधिक न बोललेले बरे.

एक आक्षेप मात्र आम्हांस फार वजनदार वाटतो. ग्रामपंचायतीत ग्रामसभा आहे. कोणीही मतदार उठून सरपंचास जाब विचारू शकतो. नगरपरिषदेत अशी सभा नाही, आणि घटनेने प्रभाग समित्यांची सक्ती केली आहे ती तीन लाख वा अधिक वस्तीच्या शहरांपुरती. म्हणजे कबनूरकर गाव सोडून शहर होतील तेव्हा ते एक हक्क गमावतील, हे खरेच. तथापि इतक्या मोठ्या वस्तीची ग्रामसभा एखाद्या शाळेच्या पटांगणात मावते तरी काय, आणि मावली तर त्यात माग सोडून मजूर किती येतात, हेही विचारले पाहिजे. हक्क कागदावर राखून ठेवण्यापेक्षा नगरपरिषदेने वर्षातून दोन वेळ प्रभागसभा भरवावी, असा ठराव आरंभीच करून घेणे अधिक शहाणपणाचे.

दुसरा मार्ग इचलकरंजीत सामील होण्याचा. इचलकरंजी २०२२ साली महानगरपालिका झाली. २०११ साली तिची वस्ती सुमारे २ लाख ८७ हजार होती. महानगरपालिकेस वाढण्यास जागा हवी, हे स्वाभाविकच. परंतु जे घर स्वतः तहानेलेले आहे त्याने पाहुण्यास काय पाजावे ? पंचगंगेत सांडपाणी मिसळते. २०१२ च्या काविळीच्या साथीने इचलकरंजीत माणसे दगावली, ती आठवण अजून पुसलेली नाही. वारणेचे पाणी आणावे म्हटले तर दानोळीकर आडवे आले. दूधगंगेवरील सुळकूड योजना काढली तर कागलकडील शेतकऱ्यांनी विरोध केला. त्यांचाही पक्ष अगदीच निराधार नाही. शहराने नदी नासवावी आणि मग दुसऱ्याच्या नदीकडे बोट दाखवावे, हे कोणास रुचेल? अशा स्थितीत कबनूरने घाईने महापालिकेच्या छत्राखाली जाणे म्हणजे तहान वाटून घेणे होय. आमचे मत असे आहे की, कबनुरास आधी स्वतःची नगरपरिषद द्यावी. विलीनीकरणाचा विचार मागाहून, लोकांच्या संमतीने, होऊ शकेल.

पाणी व सांडपाणी हे दोन विषय मात्र कोणत्याही एका वेशीत मावणारे नाहीत. कबनूर, कोरोची, चंदूर व इचलकरंजी यांचा मैला अखेर त्याच पंचगंगेच्या दिशेने जातो आणि पुढे ती नदी नरसोबाच्या वाडीस कृष्णेस मिळते. यासाठी घटनेच्या २४३ झेडडी या कलमाने जिल्हा नियोजन समिती निर्माण केली आहे. पंचायती व नगरपालिका यांच्या समाईक हिताचे विषय, विशेषतः पाण्याची वाटणी, तिने योजनेत घ्यावेत असे त्या कलमात स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. तिचे चार-पंचमांश सभासद लोकनियुक्त प्रतिनिधींनी आपल्यातून निवडलेले असावेत, असेही तेथेच आहे. निधीच्या वाटपापलीकडे या समितीने क्वचितच पाहावे ही खेदाची गोष्ट आहे. इचलकरंजी व भोवतालच्या गावांची एकच पाणीयोजना आणि एकच सांडपाणी योजना हा विषय तिच्यापुढे कबनूरच्या व इचलकरंजीच्या प्रतिनिधींनी मिळून मांडावा.

२०२१ ची खानेसुमारी लांबली आणि आता तिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरलेला आहे. गणना चालू असता गावांच्या व शहरांच्या सीमा हलवीत नाहीत. म्हणून मंत्रालयातील अधिकारी हातावर हात ठेवून बसण्यास हे निमित्त पुढे करतील. त्या अवकाशात करण्याजोगे काम पुष्कळ आहे. प्रत्येक माग, प्रत्येक भाड्याची खोली, परगावच्या प्रत्येक मजुराचे कुटुंब गणनेत येईल याची काळजी स्थानिक मंडळींनी घ्यावी. कारण ज्याची गणती नाही त्याच्यासाठी नळ मंजूर होत नाही. ग्रामसभेने नगरपरिषदेचा प्रश्न एकदाचा, नोटीस देऊन व मजुरांस सुटी असेल त्या दिवशी, चर्चेस घ्यावा; घरपट्टी किती वाढेल याचा अंदाज आकड्यांनिशी तेथे वाचून दाखवावा, आणि ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे व नगरविकास खात्याकडे धाडावी. यंत्रमागधारकांच्या संघटनांनी या सभेस आपले प्रतिनिधी पाठवावेत, अशी आमची त्यांस विनंती आहे. बंब यावयास लागणारा वेळ आणि वाढीव पट्टीचा आकडा या दोहोंची तुलना करण्यास त्यांच्याइतके योग्य दुसरे कोणी नाही.